शिवेवरचं घमेलं

दोन प्रांतांची सीमा कुठं असते असं विचारलं, तर शिकलेला माणूस नकाशावर बोट ठेवील. एकोणसाठ साली भिलाईत, एका ठेकेदाराच्या कामावर, ती विटांच्या एका ओट्यावर होती. ओटा दीड हात उंच, वर वाळलेल्या सिमेंटच्या खपल्या. त्याच्या वरच्या अंगाला मनकर्णा उभी राहायची आणि खालच्या अंगाला भागीरथा. मनकर्णा काँक्रीटनं भरलेलं घमेलं ओट्यावर ठेवायची आणि हात मागं घ्यायची. तिचा हात पुरता मागं गेल्यावरच भागीरथा घमेलं उचलायची. हातातून हातात देण्याचं नाव काढायचं नाही.

काम कारखान्याच्या एका मोठ्या पायाचं होतं. मिक्सर वर, खड्डा खाली, आणि मधल्या उतारावर फळ्यांचा रस्ता. त्या रस्त्यावर चाळीस रेजा, म्हणजे बांधकामावरच्या मजूर बायका, रांगेनं उभ्या राहून घमेली खाली सरकवायच्या. वरच्या वीस जणी सावरटोल्याच्या, खालच्या वीस कोसमघाटच्या. दोन्ही गावं वाघेरी नदीच्या दोन काठांवरची, आणि दोन्ही एकमेकांच्या जिवावर उठलेली. मजूर भरती करणाऱ्या शहाण्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यानं बोली ऐकली, लुगडी पाहिली, सगळे एकाच मुलखाचे दिसतात म्हणाला आणि एकाच ट्रकात कोंबून आणले. ट्रकातसुद्धा दोन्ही गावं मधे बोचक्यांचा ढीग रचून बसली होती.

पहिल्याच दिवशी ढलाई, काँक्रीट ओतायचं काम, अडली. सावरटोल्याची शेवटची बाई घमेलं फळीवर ठेवून मोकळी झाली. कोसमघाटची पहिली म्हणाली, आधी तिले दूर सरकू द्या. मागून घमेली येतच होती. दहा मिनिटांत फळीवर काँक्रीटचा ढीग झाला आणि वरून मेट, म्हणजे मुकादम, भैयालाल ओरडत आला. भैयालाल दुर्गचा, चार पिढ्या तिथंच गेलेला मराठी माणूस, अर्धा हिंदीत भांडणारा. त्यानं शिव्या दिल्या, हाजरी कापायची धमकी दिली, हात जोडले. शेवटी वैतागून त्यानं विटा मागवल्या आणि स्वतः ओटा रचला.

"लो, बनवून देली तुमची सरहद," तो म्हणाला. "आता मरा, पन काम करा."

तेव्हापासून तो ओटा म्हणजे शीव. त्यावर उभ्या राहायला दोन्हीकडच्यांनी आपापली सर्वांत कडवी बाई दिली.

या वैराचं मूळ सांगायचं तर ते एका डांगरवाडीत होतं. वाघेरीच्या पात्रात मधोमध रेतीचं बेट. पावसाळा सरला की त्यावर टरबुजांचे वेल लावायचे, आणि अर्धं बेट याचं, अर्धं त्याचं, असं आजोबांच्या काळापासून चाललेलं. छप्पन साली सरकारनं प्रांतांची वाटणी केली. नदीच सीमा झाली. सावरटोला मुंबई राज्यात गेला, कोसमघाट मध्य प्रदेशात. पटवारी येऊन सांगून गेला, मोठी धार जिथून वाहते तिथून हद्द. आता वाघेरीची धार दर पावसाळ्यात कूस बदलते हे शेंबड्या पोरालाही माहीत. सत्तावन्नच्या पुरानंतर धार सावरटोल्याच्या काठाला येऊन चिकटली आणि अख्खं बेट कोसमघाटचं झालं. सावरटोल्याचे म्हणाले, पाणी सरकलं म्हणून जमीन सरकत नाही. कोसमघाटचे म्हणाले, आमच्या प्रांतात पाय ठेवाल तर तंगडी मोडू. त्या हिवाळ्यात दोन्ही गावांचा हात तुटला. हात तुटला म्हणजे सोयरीक बंद, आणि देणंघेणं हातोहात होणार नाही. मिरची जशी कुणी हातात देत नाही, भुईवर ठेवतात, तसं सगळंच भुईवर.

मग अठ्ठावन्नचा फाल्गुन आला. बेटावर काठ्या आणि कुऱ्हाडी चालल्या. कोसमघाटचा केवलराम मेला, आणि मनकर्णाचा नवरा फकिरा परत आला नाही.

परत आला नाही, एवढंच. मेला म्हणावं तर मढं सापडलं नाही. कोसमघाटच्यांनी कुठंतरी रेतीत दाबला हे सगळ्यांना कळत होतं, पण पोलीस म्हणाले, मढं दाखवा. मढ्याशिवाय खटला नाही, दहावं नाही, काही नाही. मनकर्णा ना सवाशीण ना विधवा. सासू मैनाबाई म्हणे, "माहा फकिरा येईल." म्हातारीच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. रोज सकाळी ती करंडा घेऊन बसायची, चाचपडत सुनेचं कपाळ शोधायची आणि आपल्या बोटानं त्यावर कुंकू लावायची. मनकर्णाला ते बोट विस्तवासारखं लागे. तिला माहीत होतं, आपण मेलेल्याचं कुंकू लावतोय ते. तिला एकच गोष्ट हवी होती. नवरा कुठं पडलाय ती जागा. तिथली मूठभर माती आणून म्हातारीपुढं ठेवायची, दोघींनी मिळून एकदा ओरडून रडायचं, आणि हे रोजचं बोट थांबवायचं.

डांगरवाडी दोघांचीही बुडाली. धार पुन्हा फिरली आणि बेटच वाहून गेलं. ज्याच्यासाठी माणसं कापली ते पुरात गेलं, वैर तेवढं कोरडं राहिलं. पोट भरायला दोन्ही गावं भिलाईला आली. रुआबांधा वस्तीच्या अंगाला मजुरांच्या झोपड्यांच्या दोन रांगा होत्या, मधे नाली. या अंगाला सावरटोला, त्या अंगाला कोसमघाट. नाली पुढच्या टोकाला, जिथं नळ होता तिथं, जेमतेम वीतभर रुंद होती, पण बायका तिच्यावरून अशा उडी मारत जसं काही खाली वाघेरीचा पूर आहे. नळावर कोसमघाटच्या बायका मुद्दाम मोठ्यानं बोलत.

"आमच्या प्रांतात आल्या वो पोट भराले. तिकडं त्याहिच्या मुंबईत कोनी इचारलं नाही वाटते."

"पानी सरकारचं हाय," मनकर्णा घागरीला सांगे. "मुर्दे लपवनाऱ्याइच्या बापाचं नाही."

ओट्यावर मात्र ती आणि भागीरथा चकार शब्द बोलत नसत. भागीरथा उंच, हाडापेरानं रुंद, केवलरामाची सख्खी बहीण, गावातच दिलेली. सात महिने दोघी दोन हातांच्या अंतरावर रोज उभ्या राहिल्या. मनकर्णाला तिच्या हातावरचं गोंदण पाठ झालं होतं, कपाळावरचा घाम कोणत्या बाजूनं ओघळतो तेही. तिचा द्वेष करायला रोज इतकं जवळून मिळत होतं की दुसऱ्या कशाला जागाच उरली नव्हती.

एका गुरुवारी भागीरथा बोलली. खड्ड्याकडं पाहत, ओठ न हलवल्यागत.

"तुह्या घरवाल्याले कुठं पुरलं, मले ठाव हाय."

मनकर्णाच्या हातचं घमेलं ओट्यावर आदळलं. अर्धा माल सांडला. मागची बाई खेकसली. पुढचं सगळं बोलणं एका घमेल्यामागं एक वाक्य असं झालं, कारण थांबता येत नव्हतं.

"खोटं बोलून राहिली."

"माह्या डोळ्यासमोर पुरलं."

"मंग सांग."

"फुकट नाही."

दोन घमेली गेली. तिसऱ्याला भागीरथा म्हणाली, "तुमचे मानसं सांगत फिरतेत, का पयला हात माह्या भावानं उचलला. म्हनून तो मेला."

"मंग?"

"नळावर, समद्याइसमोर सांग. तो लढत होता का झोपला होता, ते सांग. तुले ठाव असंलच."

मनकर्णाला ठाऊक होतं. त्या पहाटे फकिरा घरी आला होता. कुऱ्हाडीचं पातं ओलं होतं. चुलीजवळ बसून तो म्हणाला होता, "झोपेतच होता वो. मागून घातली." त्याचे दात वाजत होते. तिनं त्याला पेज दिली, ती त्यानं हातात धरून ठेवली, प्यालाच नाही. मग बेटावरून आरोळ्या आल्या, रामाजी, त्याचा चुलतभाऊ, हाक मारत दारात आला, आणि फकिरा उठून गेला. नंतर रामाजीनंच गावभर सांगितलं, केवलराम अंगावर आला होता, फकिरानं समोरासमोर पाडला. गावाची मान त्या एका गोष्टीवर ताठ होती. आणि ती गोष्ट खोटी आहे हे सावरटोल्यात एकट्या मनकर्णाला माहीत होतं.

जेवणाची सुट्टी होईपर्यंत ती घमेली ठेवत राहिली. नवऱ्याला भ्याड म्हणायचं, तेही यांच्यापुढं! पण सकाळचं म्हातारीचं बोट तिला अजून कपाळावर जाणवत होतं. दुपारच्या पहिल्या घमेल्याला ती म्हणाली, "उद्या मोठी ढलाई हाय. ते होऊ दे. परवा सकाळी नळावर."

"परवा," भागीरथा म्हणाली.

शुक्रवारची ढलाई सकाळी सहाला सुरू झाली. असली ढलाई एकदा सुरू केली की मधे थांबवता येत नाही. थांबली तर जुन्या-नव्या काँक्रीटमधे जोड राहतो आणि पाया कच्चा होतो. भैयालालचा घसा दहालाच बसला. घमेल्यातून गळणाऱ्या पाण्यानं फळ्यांवर बुळबुळीत राड झाली होती. दुपारी चारच्या सुमाराला बायकांचे हात आपोआप चालत होते. ठेव, मागं घे. ठेव, मागं घे. मनकर्णाच्या मनात फक्त उद्या नळावर बोलायचं वाक्य घोळत होतं. झोपला होता, म्हणायचं. मागून मारला, म्हणायचं. आणि मग जागा.

तिनं घमेलं ठेवलं. भागीरथानं उचललं, वळली, आणि तिचा पाय राडीवरून सटकला. घमेलं उडालं. भागीरथा फळीच्या कडेला झुकली आणि तिनं मनकर्णाकडं हात फेकला. तळवा उघडा, बोटं ताणलेली. अंतर एवढं थोडं, की मनकर्णानं नुसतं धरलं असतं तरी पुरे होतं.

मनकर्णाचा हात मागं गेला.

तिनं नेला नाही, तो गेला. सात महिने, दिवसातून हजार वेळा, त्या बाईचा हात पुढं आला की मागं जायचं एवढंच तो शिकला होता. मनकर्णा आतून ओरडत होती, धर, अगं धर, तिच्या तोंडात तुझा नवरा आहे! हातानं ऐकलं नाही. भागीरथानं तिच्या डोळ्यांत पाहिलं आणि ती दोन पुरुष खोल, दगडांच्या ढिगावर कमरेवर आपटली.

ढलाई थांबली नाही. चौघांनी भागीरथाला फळीवर घालून नेलं, आणि भैयालाल स्वतः तिच्या जागी उभा राहून, डोळे पुसत, मनकर्णाच्या हातातून घमेली घेऊ लागला. हातातून हातात. ओटा रिकामाच राहिला.

संध्याकाळी कोसमघाटच्या रांगेतून दगड आले. "ढकललं! ढकललं रांडेनं!" सावरटोल्यानं दगडांना दगड दिले. दोघांची डोकी फुटली. आणि या अंगाला मनकर्णाच्या दारात गर्दी झाली, जशी बारशाला होते. रामाजी तर आनंदानं फुलला होता.

"वयनी, मानलं तुले! फकिराचा बदला घेतला! मले वाटलं होतं, बाईमानूस काय करीन."

"मी काई केलं नाही," मनकर्णा म्हणाली.

"तेच म्हनाचं पोलिसाले," रामाजी हसला. "मी काई केलं नाही, असंच."

आत मैनाबाई खाटेवर बसून विचारत होती, कसला बदला, माझा फकिरा तर यायचा आहे. मनकर्णाला स्वतःच्या माणसांची इतकी किळस कधी आली नव्हती. त्यापेक्षा पलीकडचे दगड बरे होते.

पंधरा दिवसांनी भागीरथाला दवाखान्यातून आणलं. कमरेपासून खाली प्लास्टर. पुन्हा उभी राहील की नाही, सांगता येत नाही, असं कळलं. दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी नळावर दोन्ही रांगा आपापल्या घागरी घेऊन उभ्या होत्या, बाप्येही होते, कारण आता बायकांना एकटं पाठवायची सोय नव्हती. मनकर्णा लोटा भरून घेऊन नालीच्या काठावर उभी राहिली.  ती बोलली ते सगळ्या वस्तीला ऐकू गेलं.

"मी तिले ढकललं नाही. तिनं हात देल्ला, मी धरला नाही. समद्याइनं ऐका. आणि हेही ऐका. केवलराम लढला नाही. तो झोपला होता. माह्या घरवाल्यानं झोपेत, मागून कुऱ्हाड घातली. त्यानं सोता मले सांगतलं. आतापर्यंत तुमी जे आयकलं ते खोटं हाय."

नळाचं पाणी घागरीबाहेर वाहत राहिलं. रामाजी पुढं आला, तिच्या पायाशी थुंकला आणि म्हणाला, "आजपासून तू आमची कोनी नाही." त्याच्यामागं सावरटोल्याच्या बायकांनी एकेक करून पाठ फिरवली. कोसमघाटचं कुणी बरं म्हणालं नाही. एक म्हातारा तेवढा म्हणाला, "इतके दिवस तोंडात काय धरलं होतं?" पण ती नाली ओलांडून निघाली तेव्हा त्यांनी वाट दिली.

भागीरथा भुईवर चटईवर पडलेली होती. तोंड उतरलेलं, ओठांना भेगा. कुडाची झोपडी, नळावरचं सगळं तिला ऐकू आलं होतं. तिची जाऊ मनकर्णाला पाहून उठून बाहेर गेली. 

"उशिरा सांगतलं," भागीरथा म्हणाली.

"हो."

"धरला असता तर मी आज उभी असते."

"हो."

"माफी मांगू नोको. मी देनार नाही."

"मांगाले आली नाही," मनकर्णा म्हणाली. "मी माहं सांगतलं. आता तू तुहं सांग."

भागीरथानं छपराकडं पाहिलं. "पल्याडच्या डोहाजवळ उंबर हाय. त्याच्या खाली. दोन हात खोल." ती थांबली. "आखीन हाय. आयकतं का?"

"सांग."

"मी भावाले न्याहारी घेऊन गेली होती. तो मेलेला. मंग मारामारी झाली, समदे पळाले. तुहा घरवाला माह्यासमोर पडला. पोट फाटलं होतं, पन जीव होता. त्यानं पानी मांगतलं. माह्या हातात लोटा होता." तिनं जीभ ओठांवरून फिरवली. "त्यानं हात पुढं केला. मी लोटा भुईवर ठेवला आणि मागं सरकली. जसा नेम हाय तसा. त्याचा हात पुरला नाही. मी पाहत राहिली. सूर्य वर आला तवा त्याचा हात थांबला."

बाहेर कुणीतरी घागर आपटली. मनकर्णानं हातातला लोटा घट्ट धरला. हिच्या डोक्यात हा लोटा घालावा, असं तिला वाटलं. अगदी खरं, मनापासून वाटलं. भागीरथाची नजर लोट्यावर होती. तिला तहान लागली होती आणि मरेस्तोवर ती मागणार नव्हती.

मनकर्णा खाली बसली. तिनं लोटा हातात दिला नाही. भुईवर ठेवला. मग दोन बोटांनी तो पुढं पुढं सरकवत नेला, भागीरथाच्या बोटांना त्याचा काठ लागेपर्यंत. नंतर ती उठली आणि मागं वळून न पाहता बाहेर पडली. नळापाशी थांबून तिनं पदर ओला केला आणि कपाळ घासून पुसलं.

मैनाबाई दारात ऊन खात बसली होती, मांडीवर करंडा. सकाळच्या गडबडीत आज कुंकू लावायचं राहून गेलं होतं. सून समोर बसली तसं तिनं बोट बुडवलं आणि कपाळ चाचपलं. कपाळ ओलं, कोरं. कडेला पदराच्या घासण्यानं कातडी सोलली होती. म्हातारीचं बोट तिथंच थांबलं.

"कुठं हाय?" तिनं विचारलं.

"पल्याडच्या डोहाजवळ. उंबराखाली, आत्याबाई."

म्हातारी रडली नाही. नुसती बसली, बोटावरचं कुंकू लुगड्याला पुसत. सावरटोल्याच्या रांगेतली सगळी दारं लागलेली होती.

"त्याले तहान लय," ती म्हणाली. "लहानपनापासून. झोपेतून उठला का पयले पानी. मरताना मांगतलं असंल त्यानं."

"मांगतलं."

"भेटलं?"

मनकर्णाला नळावर जे बोलायला जमलं होतं त्याहून हे अवघड होतं. तिनं सासूचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले.

"भेटलं."

"कोनं देल्लं?"

"भागीरथानं," मनकर्णा म्हणाली. "हातात देल्लं."

म्हातारीनं मान हलवली आणि चाचपडत करंड्याचं झाकण लावलं.